गावठी कोंबड्याच्या पिसांची फ्लाय

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील मामा (माजी मालगुजारी) तलावांवर मरळ धरायची तर बेडकाचे पिल्लू किंवा गांडूळ लावण्याची रीत आहे. पिसे आणि दोऱ्याने गळावर बांधलेल्या कृत्रिम आमिषावर, म्हणजे फ्लायवर, हाच मासा घेण्याचा आनंद मात्र वेगळा असतो. त्यासाठी ‘वूली बगर’ ही फ्लाय सर्वांत सोपी, असे माझे मत आहे. रसेल ब्लेसिंग यांनी ती १९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियात प्रथम बांधली, आणि समुद्रातून नदीत परतणाऱ्या स्टीलहेड ट्राउटसाठीही ती अमेरिकेत वापरतात.

सारे काही पिसांवर अवलंबून आहे. काळ्या किंवा तांबूस कोंबड्याच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे दोन्ही बाजूंना लोंबणारी लांब, निमुळती पिसे घ्यावीत. पीस बोटाभोवती वाकवले असता त्याचे केस ताठ उभे राहिले पाहिजेत, आणि त्यांची लांबी गळाचे टोक व दांडा यांमधील अंतराच्या दीडपटीहून जास्त नसावी. फ्लायच्या शेपटीसाठी मांडीवरचा मऊ, कापसासारखा पिसारा लागतो, कारण पाण्यात तोच हलतो. पिसे साबणाने धुऊन, सावलीत वाळवून डब्यात ठेवावीत, नाहीतर त्यांना कसर लागते. राखी रानकोंबड्याची पिसे जगभर नावाजलेली असली, तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्यांच्या वाटेला जाऊ नये.

बांधण्यासाठी मी मेण लावलेला कोशाचा (टसर रेशमाचा) दोरा वापरतो, कारण आरमोरी किंवा आंधळगावच्या विणकरांकडे त्याचे तुकडे सहज मिळतात. बारीक तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून घ्यावी. काळी लोकर घरात असतेच.

दोन किंवा चार नंबरचा लांब दांड्याचा गळ पकडीत घट्ट बसवून, नेढ्याच्या मागून दोरा गुंडाळत वाकापर्यंत न्यावा. तेथे दांड्याइतक्याच लांबीची शेपटी बांधून, तिच्यावरच तारेचे व लोकरीचे एकेक टोक बांधावे आणि दोरा पुन्हा पुढे आणावा. लोकर पुढे गुंडाळताना नेढ्यामागे तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी. माझ्या पहिल्या फ्लायचे नेढे दोऱ्याने बुजले होते, आणि ते मला पहाटे तलावाच्या पाळीवर तंगूस ओवताना कळले.

आता पाठीवरच्या लांब पिसाचे बूड पुढे बांधून ते पाच-सहा वेढ्यांत मागे न्यावे, तारेच्या दोन वेढ्यांनी टोक अडकवावे आणि तीच तार पिसाच्या उलट दिशेने, केस न दाबता, पुढे आणावी. एक हात पीस ताणून धरतो आणि दुसरा तार फिरवतो, त्यामुळे घाई केल्यास सगळे सुटते. दिशा उलट ठेवल्याने तार पिसाचा कणा ठिकठिकाणी ओलांडते, आणि मरळीच्या दातांनी तो एका जागी तुटला तरी पीस उलगडत नाही. शेवटी तार दोऱ्याने बांधून उरलेली वाकवत तोडावी, पाच फासे ओढून दोरा कापावा आणि गाठीवर बिनरंगी नेलपॉलिशचा थेंब सोडावा.

तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असल्यास आधी परवानगी घ्यावी. निघण्यापूर्वी फ्लाय भिजवून पाण्याच्या हौदात ओढून पाहावी. शेपटी काडीसारखी ताठ राहिली, तर पिसारा दाट झाला आहे, तो चिमटीने उपटून विरळ करावा.