दीड मिनिट, चार कोपरे: जिम्नॅस्टिक्सचं फ्लोअर रुटीन बसवायला येणाऱ्या नर्तिकांसाठी

विशारद झाल्यावर पुढे काय, तर क्लास काढायचा, गॅदरिंगचे नाच बसवायचे, जमलंच तर एखाद्या ग्रुपबरोबर कार्यक्रम करायचे. याखेरीज एक काम आहे, जे कुणाच्या फारसं डोक्यात येत नाही: जिम्नॅस्टिक्सच्या मुलींचं फ्लोअर रुटीन, म्हणजे जमिनीवर संगीताच्या साथीने करायची उड्या आणि नाचाची रचना, बसवणं. मी मूळची कथकची, गेली काही वर्षं हे काम करते आहे. नव्याने येणाऱ्यांना आधीच माहीत असलेलं बरं, असं काही इथे लिहिते.

आपल्याकडे या कामाची गरज मोठी आहे आणि मागणी कमी, त्याला कारण आहे. दीपा कर्माकरचं 2014च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेतलं ब्राँझ, 2016च्या रिओ ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक, अरुणा रेड्डीचं 2018च्या मेलबर्न विश्वचषकातलं ब्राँझ, प्रणती नायकचं 2019च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतलं ब्राँझ, हे सगळं व्हॉल्टवरचं, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून घ्यायच्या उडीचं. व्हॉल्टवर नाच नसतो. साहजिकच जिममधला वेळ उड्यांना जातो आणि स्पर्धा तोंडावर आली की कुणाला तरी आठवतं, अरे, फ्लोअरचा डान्स राहिलाच की! मग तुम्हाला फोन येतो. ‘तेवढं हातवारे बसवून द्या’ असं कुणी म्हटलं तर रागावू नका, पण कामाला लागण्याआधी नियमपुस्तक मात्र वाचा.

आंतरराष्ट्रीय महासंघाचं हे पुस्तक दर ऑलिंपिक चक्राला बदलतं. सध्याचं 2025 ते 2028चं. महासंघाच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. जुन्या प्रतीवर विसंबू नका. त्यात कळतं की नाच ही सजावट नाही, त्याला थेट गुण आहेत. 12 बाय 12 मीटरचा चौक, जास्तीत जास्त 90 सेकंद. काठिण्यासाठी जे 8 घटक मोजतात, त्यांत किमान 3 नृत्याचे असावे लागतात. दोन वेगवेगळ्या लीप (एका पायावरून दुसऱ्या पायावर उडी) किंवा हॉप (त्याच पायावर उतरणारी उडी) जोडून एक नृत्यमालिका करायची असते, त्यातल्या एकीत पाय 180 अंश फाकलेले हवेत. ती जमली तर 0.5, नाही तर शून्य. स्प्लिट, म्हणजे पायांची ही फाक, थोडी कमी पडली तर 0.1 जातो, 20 अंशांहून जास्त कमी पडली तर 0.3. म्हणून एखादी लीप तुम्हाला कितीही देखणी वाटली तरी त्या मुलीची जांघ तेवढी उघडत नसेल तर ती काढून टाका.

आता आपल्या शास्त्रीय शिक्षणाचं काय होतं ते सांगते, कारण खरी गंमत इथेच आहे. कथकमध्ये आपण चक्कर टाचेवर घेतो. फ्लोअरवर टर्न चवड्यावर घ्यायचा असतो आणि उभ्या पायाची टाच खाली टेकली की टर्न तिथेच संपला असं जज धरतात. भरतनाट्यमवाल्यांची अडचण वेगळी: त्यांची अरमंडी ही मूळ बैठक गुडघ्यात वाकलेली, तर इथे गुडघा सरळ आणि पायाचं बोट ताणलेलं हवं. तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं काम, विसराच. फ्लोअरच्या खाली स्प्रिंग असतात, वर फोम आणि कार्पेट; पाय आपटला तर तो आवाजासकट गिळला जातो. उरतं काय? मान, नजर, मनगट, खांद्याची ठेवण, समेवर येण्याची सवय. हे मात्र भरपूर उपयोगी पडतं. शेवटची पोझ आणि संगीताचा शेवटचा ठोका जुळला नाही तर गुण जातो, आणि सम चुकू न देणं आपल्या अंगात मुरलेलं असतं.

पण नवीन माणूस चुकतो तो श्वासाच्या हिशोबात. टम्बलिंगचे पास, म्हणजे धावत जाऊन घेतलेल्या सलग कोलांट्या, बहुतेक कोपऱ्यातून कोपऱ्यात जातात. डबल सॉल्टो (हवेत सलग दोन कोलांट्या) करून उतरलेली मुलगी पुढचे काही क्षण धापा टाकत असते, त्या वेळी तिला बोटांची नाजूक नक्षी देऊ नका. तिथे रुंद, संथ हालचाल ठेवा, म्हणजे छाती भरून घेता येईल आणि जजना ते कळणारही नाही. पुढच्या कोपऱ्यात ती नुसती चालत जाऊन उभी राहिली, तर तेही जज बघतात. त्यामुळे कोपऱ्यात शिरण्याची वाट आधी बसवा, मधला चौक नंतर भरा. मी तर कागदावर चौकोन काढून पासच्या रेघा प्रशिक्षकाकडूनच मारून घेते. अक्षरं आणि बाण, बास. सुंदर काही सुचण्याआधी हे व्हावं लागतं.

संगीतात शब्द चालत नाहीत. आलापासारखा आवाज चालतो, गाण्याची ओळ नाही. ढोलकीवरची लावणीची चाल फ्लोअरवर झकास उठते, पण दहा-बारा वर्षांच्या मुलीला कमरेचे झटके आणि डोळे मारणं शिकवायचं, हे मला पटत नाही. पालकांनी आग्रह धरला तरी मी नाही म्हणते. ठेका घ्या, अदा तिच्या वयाची ठेवा. आणि संगीत तिला आवडू द्या, सरांना नव्हे. सरावात ते ती शेकडो वेळा ऐकणार आहे.

मुली लहान असतात, हे कधीही विसरायचं नाही. हात-पाय सुधारताना आधी करून दाखवा, तोंडाने सांगा; हात लावायचाच असेल तर विचारून, आणि प्रशिक्षक किंवा ताई समोर असताना. वजनाबद्दल एक शब्दही नको. वाढीच्या वयात उंची भसकन वाढली की कालपर्यंत जमणारा टर्न बिघडतो. तेव्हा मुलीला नाही, रुटीनला हात घाला.

पैशांचं स्पष्ट बोला. एका रुटीनचं मानधन ठरवताना संगीताचा कट, बदलाच्या किती फेऱ्या आणि स्पर्धेनंतरची दुरुस्ती त्यात धरली आहे की नाही, हे आधी लिहून घ्या. एवढ्यावर घर चालेल असं समजू नका. माझे क्लास अजून चालूच आहेत. सुरुवात करायची असेल तर जिल्हा किंवा राज्य स्पर्धा पूर्ण दिवस बसून बघा, काढलेले व्हिडिओ आवाज बंद करून परत बघा, आणि जजची परीक्षा देता आली तर जरूर द्या. मग जवळच्या जिममध्ये जा आणि एका मुलीच्या फक्त कोपऱ्यांपासून काम मागा.