गरोदर बाई आणि उपास : आहारशिक्षणाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आहारशास्त्र शिकून गरोदर स्त्रियांसोबत काम करायचं ठरवलं असेल, तर आधी एक दिनदर्शिका टेबलावर ठेवा. संकष्टी, दोन्ही एकादश्या, श्रावणातले सोमवार, हरितालिका, नवरात्र, महाशिवरात्र, रमजानचा महिना, सगळ्यांवर खूण करा. मी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि शहरातल्या तपासणीच्या ओपीडीत हे काम करते. उपास विचारात न घेता लिहिलेला आहारतक्ता घरी जाऊन पिशवीतच राहतो, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. एसएनडीटी, मुंबईचं निर्मला निकेतन, नागपूरचं एलएडी अशा ठिकाणी गृहविज्ञान आणि आहारशास्त्र शिकता येतं. नोकरी-संसार सांभाळून शिकायचं असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पोषण आणि आरोग्यशिक्षणाचा डिप्लोमा आहे. रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करायचं असेल तर पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातली इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी (रजिस्टर्ड डायटिशियन, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) परीक्षा हा नेहमीचा रस्ता. इंटर्नशिपमध्ये मधुमेह आणि किडनीचे वॉर्ड सगळेच मागतात. तुम्ही प्रसूती विभागातले काही आठवडे आवर्जून मागून घ्या.

कॉलेजात चोवीस तासांच्या आहाराची नोंद घ्यायला शिकवतात. ती घेताना आधी विचारा, "काल उपास होता का?" संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या बाईची नोंद तिच्या रोजच्या जेवणाबद्दल काहीच सांगत नाही. मग पुढचा प्रश्न, "महिन्यात किती उपास धरता, आणि तुमच्या घरी उपासाला काय चालतं?" हा दुसरा प्रश्न सोन्याचा आहे. कुणाकडे भेंडी चालते, कुणाकडे कोथिंबीरही नाही. कुणाकडे राजगिऱ्याची पालेभाजी चालते, शेजारच्या घरात फक्त दाणे चालतात. आपण पुस्तकातला उपास गृहीत धरला की पहिल्याच वाक्याला ती मान हलवते आणि ऐकणं थांबवते.

आता ताटात काय पडतं ते बघू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं एक ग्रॅमही भरत नाहीत. खिचडीत जो काही जीव आहे तो दाण्याच्या कुटाचा. २०२० च्या आयसीएमआर-एनआयएनच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था) शिफारशींनुसार गरोदरपणात रोज साधारण ३५० किलोकॅलरी जास्त लागतात, आणि प्रथिनं दुसऱ्या तिमाहीत साडेनऊ ग्रॅम, तिसऱ्यात २२ ग्रॅम जास्त. दिवसभर चहा आणि रात्री चंद्रोदयानंतर एक ताट खिचडी, यातून ते भरून निघत नाही. पण "उपास सोडा" म्हणण्याची घाई करू नका. राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला तेराएक ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर कॅल्शियम असतं. मूठभर दाण्यांतून सहा-सात ग्रॅम मिळतात, पेलाभर दुधातून जवळपास तेवढीच. म्हणजे सकाळी दूध आणि खजूर, मधल्या वेळेला फळ, दुपारी राजगिऱ्याचं थालीपीठ आणि दही, चार वाजता ताक आणि दाण्याची चिक्की, रात्री भगर आणि दाण्याची आमटी, असा दिवस घडवता येतो आणि उपासही मोडत नाही. मला विचाराल तर या कामातलं खरं कौशल्य इथे आहे. गरोदरपणातला मधुमेह असेल तर मात्र साबुदाणा, बटाटा आणि साखरेचं वरचेवर खाणं यांनी रक्तातली साखर झटकन वाढते. तिथे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय उपासाचा तक्ता देऊ नका.

काही ठिकाणी स्पष्ट बोलावंच लागतं. निर्जळी हरितालिका गरोदरपणात नको, हे मी सरळ सांगते. इन्सुलिन चालू असणाऱ्या, सतत उलट्या होणाऱ्या, हिमोग्लोबिन खूप कमी असलेल्या बाईलाही उपास नको म्हणते. पोटातल्या बाळाची हालचाल कमी वाटली, चक्कर आली, लघवी गडद किंवा कमी झाली तर उपास तिथेच सोडून दवाखाना गाठायचा. रोज्याच्या बाबतीत गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला धर्मानेच सवलत दिलेली आहे. ही गोष्ट आपण सांगण्यापेक्षा घरातल्या वडीलधाऱ्या बाईने सांगितली तर ती शांतपणे मानली जाते.

तेच सासूबाईंचं. सूनबाईला एकटीला बसवून समजावलेलं घरी टिकत नाही, कारण चूल सासूच्या हातात असते. त्यांना आत बोलवा. "मावशी, तुमच्या वेळी उपासाला काय करायचे?" असं विचारलं की राजगिऱ्याच्या वड्यांपासून शिंगाड्याच्या लापशीपर्यंत सगळं निघतं, आणि बहुतेक वेळा उत्तर त्यातच असतं. "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल" ही भीतीही तिथेच बोलायची. १९९३ मध्ये पुण्यातल्या केईएम रुग्णालयाने जवळच्या गावांत माता-पोषणाचा जो अभ्यास सुरू केला, त्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार खाण्याचा बाळाच्या जन्माच्या वेळच्या आकाराशी संबंध दिसला. प्रश्न किती खाल्लं एवढाच नसतो, काय खाल्लं हाही असतो, हे सांगायला आपल्याच मातीतलं उदाहरण लोकांना पटतं.

गोळ्यांकडे लक्ष ठेवा. लोहाच्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ती १८० दिवस घ्यायची असते. उपासाच्या दिवशी रिकाम्या पोटी मळमळतं म्हणून ती हमखास सुटते, आणि महिन्यात पाच-सहा उपास असले तर हिशेब तुम्हीच करा. फराळानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगा. चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, मध्ये दोन तास जाऊ द्या. शौचाला काळं होतं हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरून गोळ्या बंद होतात.

भगरीबद्दल वेगळं सांगते, कारण नवरात्र आणि महाशिवरात्रीला विषबाधेच्या बातम्या येतात. दमट जागी ठेवलेल्या भगरीवर बुरशी वाढते आणि तिची विषं शिजवूनही पूर्ण जात नाहीत. सुटी भगर किंवा भगरीचं तयार पीठ घेऊ नये. पाकीटबंद, तारीख पाहून आणलेली भगर निवडून, धुऊन, घरीच दळावी.

सप्टेंबरचा राष्ट्रीय पोषण महिना हरितालिका-नवरात्राच्या आसपासच येतो. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना आधी भेटा, नवरात्राच्या आठवडाभर आधी बायकांना बोलवा, सोबत सासवांनाही. भाषण छोटं ठेवा आणि तिथेच राजगिऱ्याचं थालीपीठ थापा. पीठ, दाणे, दही वाटीने मोजून दाखवा; घरी त्यांच्याकडे वजनकाटा नसतो, वाटी असते.