युनियनचं पेन्शन: हॉस्पिटलात नव्याने लागलेल्या आपल्या माणसांसाठी

न्यू यॉर्क-न्यू जर्सीत गणपतीला किंवा दिवाळीला मराठी माणसं जमली की पैशांच्या गप्पा निघतातच, आणि त्या बहुतेक आयटीवाल्यांच्या असतात. ४०१ के, कंपनीचे शेअर, घराचं मॉर्गेज. पण भावाबहिणीने फाइल करून बारा-पंधरा वर्षं वाट बघितल्यावर ऐन चाळिशीत मुलाबाळांसकट ग्रीन कार्डावर उतरलेली कितीतरी घरं आपल्यात आहेत. त्यातलं कोणी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागतं, कोणी फार्मसीत, कोणी किचनमध्ये, कोणी हॉटेलात, कोणी बसडेपोत. या नोकऱ्यांना युनियन असते आणि बऱ्याचदा युनियनचं पेन्शनही. ते कसं चालतं हे मात्र कोणी सांगत नाही. मी डोंबिवलीची, इथे हॉस्पिटलात रक्त काढायच्या कामावर लागले आणि त्याच नोकरीवर संसार उभा केला. मंडळातल्या बायका मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं एकदाच सगळ्यांसाठी लिहिते.

पहिला गोंधळ पे-स्टबवरच, म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवरच होतो. स्टबवर युनियनचे ड्यूज, म्हणजे वर्गणी, कापलेले दिसतात, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापलेलं दिसतं, पेन्शनची ओळच नसते. मग नवीन माणूस म्हणतो, "ड्यूज तेवढे घेतात आणि देत काहीच नाहीत." तसं नसतं. बहुतेक युनियन फंडांत तुमच्या पगारातून पेन्शनसाठी काही कापत नाहीत, सगळे पैसे मालक भरतो. हॉस्पिटलात सहसा पगाराच्या ठरलेल्या टक्क्याने, बांधकामासारख्या धंद्यात तासामागे ठरलेले डॉलर. किती, ते युनियनच्या काँट्रॅक्टमध्ये लिहिलेलं असतं, आणि दर काही वर्षांनी काँट्रॅक्ट नवा होतो तेव्हा पगारवाढीइतकीच घासाघीस त्यावरही होते. ड्यूज जातात त्या घासाघिशीसाठी.

दुसरा गोंधळ आपल्या पीएफच्या सवयीचा. पीएफमध्ये तुमच्या नावाचं खातं असतं, पासबुक असतं, व्याज पडतं, नोकरी सोडली की काढता येतं. इथल्या युनियन पेन्शनमध्ये तुमच्या नावाची थैली नसते. सगळ्यांचे पैसे एका ट्रस्टमध्ये जातात आणि तुमच्या नावावर जमतात ती वर्षं. रिटायर झाल्यावर वर्षांच्या हिशेबाने दरमहा ठरलेली रक्कम, जिवंत असेपर्यंत. भारतातल्या कुठल्या गोष्टीशी जुळवायचं तर पीएफच्या जोडीला असलेल्या ईपीएस ९५ या पेन्शन योजनेशी जुळवा, पीएफशी नाही. (जाता जाता: तिकडे दहा वर्षं ईपीएस भरलं असेल तर ते एकरकमी काढता येत नाही. स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवा, ५८ नंतर तिकडचं पेन्शन वेगळं मिळतं.)

युनियन म्हटलं की आपल्या मनात १९८२चा गिरणी संप येतो. माझ्या सासरी दोन माणसं गिरणीत होती. गिरणी बंद पडली म्हणजे देणीही अडकली, हे त्या घराने पाहिलेलं. त्यामुळे "उद्या हॉस्पिटल बंद पडलं तर?" हा प्रश्न रास्तच आहे. इथे बऱ्याच मालकांचा मिळून एक फंड असतो. १९४७च्या टाफ्ट-हार्टली कायद्याप्रमाणे त्याच्या ट्रस्टी मंडळात युनियनची आणि मालकांची समसमान माणसं बसतात, आणि ट्रस्टचे पैसे मालकाच्या तिजोरीपासून वेगळे असतात. हॉस्पिटल दिवाळखोरीत गेलं तरी त्याच्या सावकारांना या पैशाला हात लावता येत नाही. १९८०च्या कायद्याने तर फंडातून बाहेर पडणाऱ्या मालकाला, फंडात तूट असली तर, आपला वाटा भरून जावं लागतं.

हे कायदे ठेच लागूनच आले. १९६३च्या शेवटी इंडियानातल्या साउथ बेंडचा स्टुडबेकर मोटारींचा कारखाना बंद झाला आणि हजारो कामगारांचं पेन्शन बुडालं, काहींना कवडीही मिळाली नाही. त्यातून पुढे १९७४ मध्ये एरिसा हा कायदा आला आणि पेन्शनचा विमा उतरवणारी पीबीजीसी ही सरकारी संस्था. पण हे छत्र सगळ्यांवर नाही. न्यू यॉर्क राज्यातच स्केनेक्टडीला सेंट क्लेअर्स नावाचं हॉस्पिटल होतं, ते २००८ मध्ये बंद झालं. तिथलं पेन्शन 'चर्च प्लॅन', म्हणजे धार्मिक संस्थेचं, असल्यामुळे एरिसा आणि पीबीजीसीच्या बाहेर होतं. २०१८ मध्ये पैसे आटले आणि अकराशेच्या आसपास माणसांच्या पेन्शनला फटका बसला. त्यांत नर्सेस होत्या, लॅबवाले होते, उभी हयात तिथे घालवलेले. म्हणून धार्मिक संस्थेच्या हॉस्पिटलात ऑफर आली तर एचआरला सरळ विचारा: पेन्शन युनियनच्या फंडात आहे की हॉस्पिटलच्या स्वतःच्या, आणि पीबीजीसीचा विमा आहे का? विचारायला लाजू नका, तुमच्या म्हातारपणाचा प्रश्न आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तास. कायद्याच्या साधारण हिशेबाने वर्षात १,००० तास भरले की व्हेस्टिंगसाठी एक वर्ष धरतात, आणि अशी पाच वर्षं झाली की तुम्ही 'व्हेस्टेड'. म्हणजे त्यानंतर नोकरी सोडली, युनियन सोडली, देश सोडला, तरी तोवर कमावलेलं पेन्शन तुमचं. पाचच्या आत सोडलं तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. आपल्याकडची माणसं इथेच नुकसान करून घेतात. साडेचार वर्षं झालेली असतात, नदीपलीकडे कोणी तासाला दोन डॉलर जास्त देतो, ते हॉस्पिटल या फंडात नसतं, आणि माणूस उडी मारतो. मी अशांना एकच सांगते, आधी फंड ऑफिसला फोन लावून तुमची किती वर्षं लागली आहेत ते विचारा. आणि नवं हॉस्पिटल त्याच फंडात पैसे भरत असेल तर बिनधास्त जा, वर्षं तुमच्याबरोबर येतात. एकाच मालकाकडे चिकटून राहायची सक्ती नसणं हीच तर या पद्धतीची खरी सोय.

पार्ट टाइमवाल्यांनी जरा जपून. आठवड्याला २० तास धरले तर वर्षाचे होतात १,०४०. वरचे फक्त ४०. कोणत्या रजेचे तास मोजतात, कोणत्या नाही, हे फंडाच्या पुस्तकात असतं; बिनपगारी महिना मुंबईला काढून आलात तर हजाराखाली घसरायला वेळ लागत नाही. पर डिएमवाल्यांचं, म्हणजे बोलावतील तेव्हाच कामावर येणाऱ्यांचं, तर आणखी अवघड, आणि एजन्सीतर्फे त्याच वॉर्डात त्याच खुर्चीवर काम करणाऱ्याचे तास सहसा धरतच नाहीत. नोव्हेंबर आला की मी आमच्या नवीन मुलींना बेरीज करायला लावते. ९७० झाले असतील तर डिसेंबरात चार शिफ्ट जास्तीच्या मागून घ्यायच्या, थंडीत कोणी नको म्हणत नाही. (फंडाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर आहे का, तेही बघा, सगळ्यांचं नसतं.)

वर्षात ५००च्या वर तास न भरणं म्हणजे खंड. व्हेस्टेड नसाल आणि असे लागोपाठ पाच खंड पडले तर जुनी वर्षं पुसली जाऊ शकतात. बाळंतपणासाठी मात्र सवलत आहे: खंड पडू नये इतके, ५०१ पर्यंत तास धरून घेतात. कायद्याची बारा आठवड्यांची फॅमिली लीव्हही खंडात जात नाही. सासूबाईंच्या आजारपणासाठी जायचं झालं तर ती लीव्ह त्यांच्या नावाने मिळत नाही, त्या फेडरल कायद्यात सासूसासरे येत नाहीत; न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी राज्यांच्या स्वतःच्या फॅमिली लीव्हमध्ये मात्र येतात, तेव्हा आधी ती विचारा. ती बसत नसेल तर फेडरल लीव्ह नवऱ्याने आईसाठी घ्यायची आणि तुम्ही आपली सुट्टी वापरायची.

रक्कम किती मिळते? फंडाफंडांत फरक. उदाहरणापुरतं धरू: फंड दर वर्षामागे महिना ६० डॉलर देतो आणि तुमची २५ वर्षं झाली. ६५ व्या वर्षी महिना १,५०० डॉलर. बऱ्याच फंडांत ५५ नंतर लवकर घेता येतं, पण कापून. आता समजा फंडच बुडाला. पीबीजीसी दर वर्षामागे पहिले ११ डॉलर पूर्ण देते आणि पुढच्या ३३चे तीनचतुर्थांश, म्हणजे जास्तीत जास्त ३५.७५. गुणिले २५ म्हणजे ८९३.७५. दीड हजारातले सहाशे गेले. एकाच कंपनीच्या पेन्शनला विमा यापेक्षा बराच मोठा असतो, युनियन फंडांना हा एवढाच. म्हणून फंड धडधाकट आहे ना हे दरवर्षी बघायचं.

बघणं सोपं आहे. दरवर्षी फंडाच्या हिशेबाचं एक पत्र घरी येतं. कॅलेंडर वर्ष धरणाऱ्या फंडांचं एप्रिलअखेर येतं. जाहिरात समजून फेकू नका. त्यात फंड किती टक्के भरलेला आहे, म्हणजे द्यायच्या पेन्शनांच्या मानाने किती पैसे हाती आहेत, ते असतं आणि तो पिवळ्या किंवा लाल विभागात गेला असेल तर तेही. २००६च्या कायद्याने ही वर्गवारी आली. साधारण ८० टक्क्यांच्या वर हिरवा, ६५च्या खाली लाल. लाल झाला म्हणून लगेच घाबरायचं नसतं, पण मग लवकर रिटायर होण्यासारख्या सवलती कापल्या जाऊ शकतात. ट्रकवाल्यांच्या टीम्स्टर युनियनचा सेंट्रल स्टेट्स फंड बुडण्याच्या काठावर होता, साडेतीन लाखांवर माणसांचं पेन्शन धोक्यात. २०२१च्या कायद्याखाली डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने त्याला सुमारे ३६ अब्ज डॉलर मंजूर केले तेव्हा तो तरला. सरकार दरवेळी धावून येईल या भरवशावर मी तरी राहणार नाही.

आणखी एक. सरकारी पेन्शनरांना आपल्याकडे महागाई भत्ता मिळतो, सोशल सिक्युरिटीतही दरवर्षी वाढ होते. युनियन पेन्शनमध्ये बहुधा तशी काही सोय नसते. ६५ व्या वर्षी १,५०० म्हणजे ८५ व्या वर्षीही १,५००. तेव्हा फक्त याच्यावर विसंबू नका. हॉस्पिटल ४०३ बी (४०१ केसारखंच बचतीचं खातं) देत असेल तर त्यात थोडं थोडं टाकत राहा. सोशल सिक्युरिटी वेगळी, तिला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षं. भारत आणि अमेरिकेत याबाबत करार नाही, तिकडची नोकरी इथे मोजत नाहीत. पंचावन्नाव्या वर्षी येऊन नोकरी सुरू केलेल्या मंडळींनी हा हिशेब पहिल्या दिवशीच करावा.

रिटायर होताना फॉर्मवर नवराबायकोचा प्रश्न येतो. लग्न झालेल्याचं पेन्शन कायद्याने असं बांधलेलं असतं की तो गेल्यावर जोडीदाराला निदान अर्धं चालू राहावं. त्यासाठी हयातीतली रक्कम थोडी कमी होते. ती कपात नको असेल तर जोडीदाराची लेखी संमती लागते, तीही नोटरीसमोर किंवा फंडाच्या प्रतिनिधीसमोर. आपल्याकडे नवरा म्हणतो "इथे सही कर" आणि बायको करते. करू नका, वहिनी. आधी दोन्ही आकडे मागा, घरी नेऊन शांतपणे वाचा. नवरा दहा वर्षांनी मोठा असेल आणि तुमचं स्वतःचं पेन्शन नसेल तर त्या सहीने तुमचा पुढचा काळ उघड्यावर पडतो.

कागदांचं आत्ताच बघून ठेवा. आपल्या अर्ध्या पिढीचा वाढदिवस १ जून, शाळेत मास्तरांनी घातलेला. पासपोर्टवर १ जून, जन्मदाखल्यावर दुसरंच काही, तर अर्ज अडतो. फंडाकडे, सोशल सिक्युरिटीकडे आणि पासपोर्टवर एकच तारीख आणि नावाचं एकच स्पेलिंग हवं; लग्नाआधीचं आडनाव, मधलं वडिलांचं की नवऱ्याचं नाव, हे सगळं. लग्नाची नोंदणी केली नसेल तर पुढच्या सुट्टीत गावी जाऊन करून घ्या, निमंत्रणपत्रिका आणि फोटो इथे चालत नाहीत. घर बदललं की फंड ऑफिसला पत्ता कळवा. एचआरला कळवलं म्हणजे त्यांना कळलं असं नसतं. फंडाचं माहितीपुस्तक, ज्याला सगळे एसपीडी म्हणतात, सभासद झाल्यापासून ९० दिवसांत मिळायला हवं. नाही मिळालं तर युनियनच्या डेलिगेटला, म्हणजे कामावरच्या प्रतिनिधीला, धरा. तासांचा घोळ फंड ऑफिस ऐकत नसेल तर लेबर डिपार्टमेंटची फुकट मदत आहे: ८६६-४४४-३२७२. जुने पे-स्टब आणि डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा कागद) फेकू नका, तासांच्या भांडणात तेच कामी येतात.

आणि पुण्याला किंवा गोव्याला परत जाऊन राहायचा बेत असेल तर: व्हेस्टेड पेन्शन तिकडेही मिळतं. ग्रीन कार्ड सोडून भारतात स्थायिक झालात तर दोन्ही देशांतल्या करकराराप्रमाणे या पेन्शनवर कर भारतात लागतो, इथे नाही. त्यासाठी फंडाला डब्ल्यू-८ बेन हा फॉर्म द्यायचा, नाहीतर ते ३० टक्के कापून मोकळे होतात. अमेरिकन नागरिक झाला असाल तर ही सवलत नाही, रिटर्न इथेही भरावं लागतं. इथलं बँक खातं बंद करू नका, कारण बरेच फंड परदेशी खात्यात पैसे टाकायला नाखूश असतात. आणि फंडाकडून हयातीच्या दाखल्याचा कागद आला तर तो वेळेवर सही करून पाठवा. उशीर झाला की पेन्शन थांबतं आणि परत सुरू करायला महिने जातात.