फोनचं हार्डवेअर खुलं करायचंय? आधी मोडेम कुठे बसलाय ते बघा

मी या कामात शिरलो तो सॉफ्टवेअरच्या बाजूने. फोन म्हणजे छोटा संगणकच, लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चढवला की काम फत्ते, अशी माझी समजूत. या गैरसमजापायी पहिले कित्येक महिने वाया गेले.

घोडं अडतं ते बेसबँडपाशी. टॉवरशी बोलणारा हा वेगळाच प्रोसेसर, म्हणजेच मोडेम. त्याचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) स्वतंत्र आणि बंद, म्हणजे त्याचा कोड आपल्याला बघता येत नाही. सगळा दोष कंपन्यांच्या आडमुठेपणाला देता येत नाही. पेटंटांचं जाळं आहे, शिवाय रेडिओ उपकरणाला सरकारी मंजुरी लागते आणि फर्मवेअर बदललं की त्या मंजुरीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

मग जाणत्यांनी काय केलं? मोडेम उघडता येत नाही, तर निदान त्याला वेगळं बसवलं. लिब्रेम ५ या लिनक्सवर चालणाऱ्या फोनमध्ये तो काढता येणाऱ्या एम.२ कार्डावर आहे आणि त्याची वीज तोडायला खरोखरचं बटण आहे. पाइनफोन या तशाच दुसऱ्या फोनमध्ये तो बोर्डावरच आहे, पण मुख्य प्रोसेसरशी जोडलाय यूएसबीने, त्यामुळे मुख्य रॅममध्ये त्याला थेट हात घालता येत नाही. अर्थात एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. २०१४ मध्ये रेप्लिकंट या अँड्रॉइडच्या मुक्त आवृत्तीवर काम करणाऱ्या मंडळींनी दाखवून दिलं, की सॅमसंगच्या काही गॅलॅक्सी फोनांत मोडेमच्या सांगण्यावरून साठवलेल्या फायली वाचता-लिहिता येतात. आणि ते चोरदार (बॅकडोअर) होतं मोडेमशी बोलणाऱ्या बंद सॉफ्टवेअरमध्ये! तेव्हा चिपइतकंच तिच्या शेजाऱ्यांकडेही बघा.

बाकीचं दुखणं डेटाशीटचं, म्हणजे चिपच्या तांत्रिक माहितीपत्रकाचं. गोपनीयतेच्या करारावर सही केल्याशिवाय ती मिळत नाही, आणि हजारो चिपांची ऑर्डर नसेल तर विक्रेता दारात उभं करत नाही. मग उलट्या बाजूने उकल करत (रिव्हर्स इंजिनिअरिंग) ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, लिहायचे. माली-४०० या ग्राफिक्स चिपसाठीचा 'लिमा' असाच तयार झाला. यात वर्षं जातात, तोवर चिप जुनी होते. खुले फोन कायम एक पिढी मागे का वाटतात, ते इथे कळतं.

'खुलं' या शब्दावरही चटकन भाळू नका. पाइनफोनचं स्कीमॅटिक (सर्किटची आकृती) पीडीएफमध्ये मिळतं आणि दुरुस्तीला ते सोन्यासारखं आहे. पण बोर्ड बदलून नवा बनवायचा तर लेआउटच्या (बोर्डावर कोणता भाग आणि जोडणी कुठे, ते सांगणाऱ्या) फायली हव्यात, त्या त्यात नाहीत.

सुरुवात सिरियल कन्सोलपासून करा, म्हणजे फोनचे संदेश तारेने संगणकावर वाचा. स्क्रीन काळी असताना बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम) काय म्हणतोय ते तिथेच दिसतं. मी एका बोर्डाच्या १.८ व्होल्टच्या पिनांना ३.३ व्होल्टचा अडॅप्टर जोडला आणि बोर्ड कायमचा गप्प झाला. व्होल्टेज मोजायचा मल्टीमीटर शेजारीच पडला होता. पाइनफोनवर हे काम सोपं आहे: मागचं झाकण काढा, सहावा छोटा स्विच बंद करा, की हेडफोनच्या जॅकमधूनच सिरियल मिळतं. सिरियलचा वेग ११५२०० बॉड ठेवा.