बेरियम टायटनेटचं पेलेट तपासणीला पाठवण्याआधी

बेरियम टायटनेट हे फेरोइलेक्ट्रिक, म्हणजे स्वतःचीच विद्युत दिशा असलेलं सिरॅमिक; पेलेट ही त्याची चकती. टॉफ-सिम्स (आयनांचा मारा करून पृष्ठभागावर काय आहे ते वस्तुमानावरून ओळखणारी तपासणी) पृष्ठभागाचे जेमतेम वरचे 1-2 नॅनोमीटर वाचतं. तिथे बोटाचा घाम लागला की सोडियम दिसणारच, आणि ते डोमेनच्या (एकाच विद्युत दिशेच्या भागाच्या) भिंतीपाशी साचलंय की हातामुळे आलंय, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. म्हणून नागपुरातून नमुना बाहेरगावी पाठवताना सगळ्यात जास्त वेळ स्वच्छतेला द्या. पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे आणि स्टीलचा चिमटा, पहिल्या दिवसापासून.

पेलेटचे साधारण 5 बाय 5 मिलिमीटरचे दोन तुकडे कापा, दुसरा तुलनेसाठी. पॉलिश 1 मायक्रॉनच्या डायमंड पेस्टने, मग पाव मायक्रॉनने. शेवटी कोलॉइडल सिलिका वापरणार असाल तर आधी बाटलीवरचं लेबल वाचा: पुष्कळशा सिलिकेत सोडियम असतं. अमोनियावाली मिळाली तर तीच घ्या. डीआय (आयन काढलेल्या) पाण्याने झटपट धुवा, भिजत ठेवू नका, बेरियम पाण्यात झिरपतं. मग अ‍ॅसिटोन आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात) पाच-पाच मिनिटं. वाळवायला नायट्रोजन, कॉम्प्रेसरच्या हवेत तेल असतं.

पॉलिशच्या ताणाने वरच्या थरात भलतेच डोमेन तयार होतात, त्यासाठी 400 अंशांपर्यंत तापवून सावकाश थंड करा. हे सूक्ष्मदर्शकाच्या विद्युत टोकाने डोमेन लिहिण्याआधीच. क्युरी तापमान (ज्याच्या वर डोमेन उरत नाहीत) 120 अंशांच्या आसपास आहे, नंतर तापवलंत तर लिहिलेलं सगळं पुसलं जाईल.

क्रम पक्का ठेवा: आधी पीएफएम (त्याच टोकाने डोमेन बघण्याची तपासणी), मग सिम्स, कारण आयनांचा मारा पृष्ठभागच खरवडतो. तीच जागा पुन्हा सापडावी म्हणून डायमंड पेनने कोपऱ्यात खूण करा, तिचा फोटो सोबत द्या. बेरियम-टायटॅनियमचं गुणोत्तर ईडीएसवर (क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्य ओळखणाऱ्या तपासणीवर) मागू नका; दोघांच्या रेषा 4.47 आणि 4.51 केईव्हीला, एकमेकींवर चढतात. डब्ल्यूडीएस सांगा, ती तरंगलांबीवरून रेषा वेगळ्या करते.

पॅकिंगला जेलवाली डबी नको, सिलिकोनची शिखरं 73 आणि 147 वस्तुमानाला उभी राहतात. झिपलॉकही नको. काचेची पेट्री डिश बरी. आषाढात सोबतच्या सिलिका जेलचा रंग बघत राहा, निळा गुलाबी झाला की बदला.

नवतपात पार्सल तापेल म्हणून बर्फाची पिशवी टाकायचा मोह होतो. टाकू नका. 45 अंशांनी या पेलेटचं काही बिघडत नाही; पण सुमारे 5 अंशांखाली त्याची स्फटिकरचनाच टेट्रागोनलची ऑर्थोऱ्हॉम्बिक होते आणि डोमेन नव्याने मांडले जातात. डिशवर वरची बाजू कोणती, ते मात्र लिहा.