शाळेची परसबाग: मृग लागायच्या आत काय काय हाताशी हवं

मे अर्धा सरला की आमच्या मंडळाची पहिली बैठक शाळेच्या ओट्यावर बसते. गाव जुन्नरच्या पश्चिमेकडच्या भातपट्ट्यातलं, शाळा जिल्हा परिषदेची आणि बाग दोन गुंठ्यांची. मृग 7-8 जूनच्या सुमारास लागतो, शाळा जूनच्या मध्यावर उघडते. पेरायला मुलं असतात, पण त्याआधीची सगळी जुळवाजुळव सुट्टीतच आणि आपल्यालाच करावी लागते. यंदा शेजारच्या दोन वाड्यांनीही परसबाग धरायचं ठरवलंय. त्यांनी विचारलं म्हणून आमची यादी लिहून काढतेय.

सुरुवात बियाण्यापासून करू नका, कॅलेंडरपासून करा. भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या आणि ज्या दिवशी गावात बागेकडे बघायला कोणी मोकळं नसतं, ते सगळे दिवस लाल पेनानं भरा. भाताची आवणी म्हणजे रोपांची लावणी, गणपती, दिवाळीची सुट्टी, गावची जत्रा. आमच्याकडे जुलैत आवणी सुरू झाली की पंधरा-वीस दिवस घरंच्या घरं खाचरात असतात, पोरंसुद्धा. त्या दिवसांत तण मात्र हातभर वाढतं. पहिल्या वर्षी आम्ही हे धरलंच नव्हतं. आवणीतून कशीबशी बाग निभावली, पण दिवाळीला घात झाला. पाऊस गेलेला, शाळा बंद, पाण्याची पाळी ठरलेली नव्हती. मला वाटलं पोरं जातात, पोरांना वाटलं सर बघतात. भाऊबीज उरकून गेलो तर मेथीचा वाफा वाळून भुगा झालेला आणि टोमॅटोची झाडं फळांसकट माना टाकून उभी. पहिलीतल्या एका मुलीनं तिचं झाड कुठलं ते ओळखलं आणि ती तिथंच बसून राहिली. तेव्हापासून लाल खुणेच्या प्रत्येक दिवसापुढे दोन नावं लिहिल्याशिवाय आम्ही बियाण्याची पुडी उघडत नाही. एक नाव नाही, दोनच. एखादा आजारी पडतो, एखादीला पाहुणे येतात.

जागेची परवानगी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत घ्या आणि इतिवृत्तात लिहून घ्या. शिक्षकांची बदली झाली तरी कागद राहतो.

माती तपासायला द्यायची तर शेणखत टाकायच्या आधी. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून गोळा करा. बांधाजवळची, झाडाखालची, जुन्या उकिरड्याची माती घेऊ नका. सगळी एकत्र कालवून तिचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, असं अर्धा किलो उरेपर्यंत. कापडी पिशवीत भरून नाव, गट क्रमांक आणि तारखेची चिठ्ठी आत घाला.

बियाण्यावर मात्र वेळ घालवा, इथं घाई करू नका. आधी घरोघरी फिरा. आमच्याकडे आज्यांच्या मडक्यांत, राखेत घोळवून ठेवलेला वाल, घेवडा, दोडका, काकडी अजून निघते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती असंच गावठी बियाणं जपल्याबद्दल, आणि त्या स्वतः कधी शाळेत गेल्या नव्हत्या. मुलांना हे आवर्जून सांगा. ज्या आजीकडून बियाणं आलं तिचं नाव पुडीवर लिहा. नातवाला वाफ्यावर तेच नाव दिसलं की तो तिथलं तण राहू देत नाही.

मग उगवण तपासा. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहाच्या दहा ओळी करून 100 बिया मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. मेथी, चवळी तीन-चार दिवसांत डोळा फोडतात. दोडक्या-कारल्याला आठवडाभर लागतो, कधी जास्तही, तेव्हा फेकायची घाई नको. 70 च्या वर मोड आले तर निर्धास्त पेरा, त्याखाली असतील तर बी दाट टाका, निम्मेही नसतील तर दुसरं शोधा. दुकानातलं बियाणं आणावं लागलं तर पुडी फोडून रंग बघा. गुलाबी, निळं, हिरवं दिसलं की त्याला औषध चोळलेलं आहे असं समजा आणि ते लहान मुलांच्या हातात देऊ नका. उरलेलं बी खिचडीच्या खोलीत तर चुकूनही ठेवू नका.

जीवामृत म्हणजे शेण-गोमूत्र मुरवून केलेलं पातळ खत. त्याचं माप एकराला सांगतात: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2-2 किलो गूळ आणि बेसन, मूठभर बांधावरची माती. एकर म्हणजे 40 गुंठे, तेव्हा आपल्या दोन गुंठ्यांना याचा विसावा भाग पुरे. हे गणित पाचवीच्या मुलांनाच फळ्यावर करू द्या. 10 लिटर पाणी, अर्धा किलो शेण, गूळ 100 ग्रॅम, असं उत्तर त्यांनी स्वतः काढलं की बादली ढवळायला रांग लागते. सावलीत दोन-तीन दिवस ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, आठवड्याच्या आत वापरायचं, आणि द्यायचं मुळाशी. खायच्या पानांवर शिंपडू नका.

अवजारांत खुरपी लहान मुठीची हवीत. गावातल्या लोहाराला मेमध्येच सांगा, जूनमध्ये त्याला मान वर करायला सवड नसते. कुदळ, फावडं, घमेली घरोघरून येतात, फक्त दांड्यावर खूण करा. वेलांच्या मांडवाला कारवीच्या काठ्या पावसाआधी आणून ठेवा. पावसाचं पाणी साचतं तिथं गादीवाफे वीतभर उंच करा.

कुंपणावाचून शेळ्या एका दुपारीत सगळं फस्त करतात. निरगुडीच्या फांद्या पहिल्या पावसात खोचल्या की लागतात आणि शेळी त्यांना तोंड लावत नाही. शेर या चिकाळ झुडपाचं कुंपण शाळेत नको. त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

मुलांच्या जिवाचं मी वेगळं सांगते. आमच्या भागात बिबट्या आहे, म्हणून पाणी सूर्य मावळायच्या आत, आणि एकटं मूल बागेत पाठवायचं नाही, कितीही जवळ असली तरी. गवतात हात घालण्याआधी काठीनं हलवून बघायचं. विंचू-सापावरची औषधं जवळच्या कुठल्या दवाखान्यात असतात ते आजच विचारून ठेवा, 108 नंबर शाळेच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहा. पायात बूट हवेत. नसतील त्या मुलांसाठी मंडळानं वर्गणी काढावी, आम्ही काढतो.

हात धुण्याच्या नळाचं पाणी चर खणून केळी आणि अळूकडे वळवा. चर आत्ताच खणा, पावसात चिखल होतो.

मृगात टोकलेली भेंडी ऑगस्टच्या सुरुवातीला तोडायला येते, झेंडावंदनाच्या आठवड्यात ती खिचडीत पडते. कोणी किती तोडली, वजन किती भरलं, याची वही घाला, तराजू शेजारच्या दुकानातून मागून आणा. आणि लाल चिंध्यांची एक पिशवी भरून ठेवा. दोडक्याच्या वेलावरचं पहिल्या बहरातलं सगळ्यात चांगलं फळ दिसलं की त्याच्या देठाला चिंधी बांधायची, म्हणजे खिचडीवाल्या मावशी ते तोडत नाहीत आणि पुढच्या मेपर्यंत त्याचं बी मडक्यात पडतं.