दुकानात पुस्तकं चाळणारे आजोबा जलरंगात कसे रंगवावेत

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या कुठल्याही पुस्तकांच्या दुकानात अर्धा तास थांबा. असे एखादे आजोबा हमखास भेटतात: खांद्याला कापडी पिशवी, घाई कसलीच नाही आणि मान तिरकी. त्यांना विचारूनच दोनतीन फोटो काढा. सकाळी दारातून उजेड येत असताना काढलेत तर उत्तम, कारण ट्यूबलाइटखाली सावल्याच पडत नाहीत आणि चेहरा सपाट होतो.

आता रेखाटन. सुरुवात चेहऱ्यापासून नको, मानेपासून करा. पुस्तकाच्या कण्यावरचं नाव आडवं झालेलं असतं, ते वाचायला डोकं खांद्याकडे कलतं. त्यात चष्मा बायफोकल असला तर जवळचं दिसतं काचेच्या खालच्या भागातून, म्हणून वरच्या फळीकडे बघताना हनुवटी वर जाते. हे दोन कोन जमले की पाठमोरा माणूससुद्धा पुस्तकं बघतोय हे कळतं. कार्ल श्पिट्सवेग या जर्मन चित्रकाराने १८५० च्या सुमारास शिडीवर चढलेला पुस्तकवेडा म्हातारा रंगवला. त्याच्या दोन्ही हातांत पुस्तकं, एक काखेत, एक गुडघ्यांत! चेहरा झाकला तरी माणूस ओळखू येईल.

कागद ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), साधारण ११ बाय १५ इंचांचा घ्या. पातळ कागद पाण्याने फुगतो. रंग चारच पुरतात: यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अलिझरिन क्रिमसन (गडद लाल) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा).

पहिला हात ऑकर आणि सिएनाचा, पातळ. पांढरे केस आणि शर्टाची उजेडाकडची बाजू कोरी सोडा. जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. हा थर पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर रंग फिका पडतो, तेव्हा ओला असताना थोडा गडद वाटला तरी घाबरू नका.

मग सावल्या. सिएनात अल्ट्रामरीन मिसळलं की छान करडा मिळतो. सुरकुत्या रेघांनी काढू नका, चेहरा नकाशासारखा दिसतो. डोळ्यांखाली, गालाच्या खोबणीत सावलीचा पट्टा द्या आणि त्याची एक कड ओल्या ब्रशने विरघळवा. हाताच्या शिरांनाही हेच लागू.

पुस्तकं रंगवताना हात आवरा. मी पहिल्या चित्रात हौसेने प्रत्येक कण्यावर नाव लिहिलं होतं. बघणारे नावं वाचत बसले, आजोबांकडे कुणी पाहिलंच नाही. फळीवर उभे पट्टे, कमीजास्त उंचीचे, दोनतीन तिरके कललेले, एवढं बास. फक्त हातातलं पुस्तक नीट काढा.

सगळं खडखडीत वाळल्यावर चष्म्याच्या काचेवर ब्लेडच्या टोकाने कागद किंचित खरवडा. चमक उमटते. एकाच काचेवर, एकदाच.